दयेची शाल नको, मंचावर हक्काची जागा द्या!

गोव्यात पणजी येथे ९ ते १२ ऑक्टोबर २०२५ असे चार दिवस आंतरराष्ट्रीय पर्पल फेस्ट भरला होता. अपंग कलाकार, खेळाडू आणि कार्यकर्ते असे ठिकठिकाणचे लोक तेथे जमले. गोव्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाने आणि समाजकल्याण खात्याने हा महोत्सव जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा भरवला. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये दुसरा झाला आणि हा तिसरा. गोवा हे केवढे राज्य? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एकट्या अपंग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक आहे. म्हणजे गोव्याच्या त्यावेळच्या एकूण लोकसंख्येच्या दुप्पट! डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढणारे देशातले पहिले राज्य म्हणून महाराष्ट्राने स्वतःची पाठ थोपटून घेतली. असे असताना आमच्याकडे ३ डिसेंबर उजाडला की काय होते? एक सभागृह घेतले जाते, पाहुणे उशिरा येतात, चार मुलांना नाचवले जाते, शाली वाटल्या जातात, फोटो निघतात आणि ४ डिसेंबरला सारे विसरले जाते.

गेले काही दिवस कळव्यातील काही कार्यकर्त्यांशी आमची या विषयावर चर्चा सुरू आहे. अपंग आणि ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे अशा कलाकारांचा एक महोत्सव कळव्यात व्हावा, असा विचार पुढे आला आहे. स्वमग्न, अध्ययन अक्षमता असलेल्या व्यक्तींना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. आपल्यात दोष नाही, आपण वेगळे आहोत, असे सांगणाऱ्या स्वमग्न व्यक्तींच्याच चळवळीतून हा विचार १९९० च्या दशकात जगापुढे आला. महोत्सवाची कल्पना चांगलीच आहे. पण चांगली कल्पना दयेच्या वाटेने गेली की तिचे काय होते, हे या देशातल्या अस्पृश्य समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणून हा महोत्सव कोणी करायचा, कोणासाठी करायचा आणि कोणत्या पायावर उभा करायचा, याची चर्चा तंबू ठोकण्याआधी झाली पाहिजे असे आम्हाला वाटते.

आधी कळव्याची हकिकत ध्यानात घ्या. ठाणे आणि कळवा यांच्यामध्ये एक खाडी आहे आणि रेल्वेचे एका स्थानकाचे अंतर आहे. कळवा ठाणे महापालिकेतच मोडते. पण गडकरी रंगायतन खाडीच्या पलीकडे, घाणेकर नाट्यगृह तर त्याहूनही लांब. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. कळव्याच्या माणसाला नाटक पाहायचे तर घराबाहेर पडून गाडी धरावी लागते. आणि कळव्याहून गाडी धरणे म्हणजे काय, हे कळवेकरांनाच ठाऊक! जलद गाड्या येथे थांबत नाहीत. सकाळी स्थानकात आलेल्या गाडीत शिरायला जागा नसते, म्हणून धडधाकट माणसे कारशेडकडे चालत जाऊन तेथून सुटणारी रिकामी गाडी पकडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कारशेडजवळ प्रवाशांनी वातानुकूलित लोकल अडवून धरली होती, इतका हा प्रश्न तापलेला. जेथे दोन पायांवर चालणाऱ्या माणसाची ही गत, तेथे कुबड्या घेऊन चालणाऱ्या गायकाने तालमीला ठाण्याला जायचे कसे? गर्दी आणि गोंगाट ज्याला सहन होत नाही अशा स्वमग्न मुलाला त्याच्या आईने चित्रकलेच्या वर्गाला न्यायचे कसे?

दुसरी गोष्ट घरांची. मुकुंद, सीमेन्स, मफतलाल या कारखान्यांच्या आधाराने कळव्यात कामगारांची वस्ती वाढली. ज्यांना सपाटीवर जागा परवडली नाही ते पारसिकच्या डोंगरावर चढले. तेथे घर म्हणजे पायऱ्या, पायऱ्या आणि पुन्हा पायऱ्या. जुलै २०२१ मध्ये घोलाईनगरात दरड कोसळून पाच जणांचा जीव गेला. पावसाळ्यात प्रशासन घरे खाली करण्याच्या नोटिसा देते. त्या नोटिशीत, ज्याला पायऱ्या उतरताच येत नाहीत त्याने काय करायचे, हे लिहिलेले नसते. अशा उतारावरच्या एका खोलीत एखादी मुलगी गोड गळ्याने गात असेल, एखादा मुलगा कोळशाने भिंतीवर चित्रे काढत असेल, तर ते जगाला कळणार कसे? त्यांची कला आईबापांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक असते. पायऱ्यांच्या खाली ती उतरतच नाही.

आता आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडे पाहावे, ही शिकवण आम्हाला आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही हजर होतो. मंच चार फूट उंच, मागच्या बाजूला लाकडी शिडी. चाकाच्या खुर्चीवरच्या एका गायकाचे नाव पुकारले गेले. चार कार्यकर्त्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्याच्या गाण्याला नव्हत्या, कारण गाणे अजून सुरूच झाले नव्हते! एक गीत झाले, दुसऱ्याची वेळ आली तोवर पाहुणे आले, आणि त्याला शाल घालून तसेच उचलून खाली ठेवण्यात आले. त्याच मंचावर पुढे आलेल्या गायक पार्टीला ठरलेली बिदागी मिळाली. याला शाल मिळाली. आम्ही नंतर त्याच्याजवळ बसलो तेव्हा त्याने तक्रार केली नाही. त्याने एवढेच विचारले की पुढच्या वर्षी मंच जरा खाली बांधता येईल का? त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मंडळाचे कार्यकर्ते वाईट नव्हते, प्रामाणिक होते. पण त्यांच्या मनात तो कलाकार नव्हताच, तो एक बिचारा होता.

हा बिचारेपणा कोठून आला? मागच्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मी आंधळा झाला, लंगडा झाला, असे आजही घराघरात बोलले जाते. आणि मागच्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मी अस्पृश्य झाला, हे कोण म्हणत होते? तेच! एकाच कर्मविपाकाच्या सिद्धांताने एका माणसाला गावकुसाबाहेर बसवले आणि दुसऱ्याला घराच्या कोपऱ्यात बसवले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या कल्पनेची चिरफाड केली आहे. माणसाच्या दुःखाची कारणे या जगात शोधायची आणि येथेच दूर करायची, हा धम्माचा मार्ग आहे. पायऱ्या पूर्वजन्माने बांधलेल्या नसतात, गवंड्याने बांधलेल्या असतात. त्या जागी उताराची वाट बांधता येते.

नावाचा प्रश्नही असाच आहे. अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवले आणि सरकारी कागदावर तो शब्द रूढ झाला. अनेकांना तो आवडतो, त्यांनी तो जरूर वापरावा. पण ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्यातल्याच अनेकांनी विचारले की आमच्या शरीरात दिव्य असे काय आहे, आम्हाला देवत्व नको, लिफ्ट द्या. हा सवाल ऐकून आम्हाला १९३८ सालच्या जानेवारीची आठवण होते. मुंबईच्या कायदेमंडळात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. देवाची माणसे म्हणायचे आणि पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही, हे ढोंग त्यांनी चालू दिले नाही. महोत्सवाचे नाव ठरवताना हा इतिहास विसरू नये. नाव काय द्यायचे ते कलाकारांनाच ठरवू द्या.

आता कायद्याकडे वळू. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. करमणुकीच्या ठिकाणाचा उल्लेख संविधानात यावा, यात मोठा अर्थ आहे. नाटक पाहणे, गाणे ऐकणे ही चैन नाही, तो नागरिकत्वाचा भाग आहे. मात्र त्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, अपंगत्वाचा नाही. अपंगत्व आले ते अनुच्छेद ४१ मध्ये, सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावयाच्या मदतीच्या यादीत. सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतील ९ वी नोंदही अपंगांना द्यावयाच्या साहाय्याविषयीच आहे. साहाय्याकडून हक्काकडे यायला पुढे बरीच वर्षे लागली. १९९५ चा कायदा आला, त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती आणि नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. स्वमग्नतेला त्यात जागा नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार २१ झाले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आली, नोकरीतले आरक्षण ४ टक्के झाले.

याच कायद्याचे कलम २९ आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण त्याची चर्चा फारशी कोणी करत नाही. हे कलम संस्कृती आणि करमणूक यांविषयी आहे. अपंग कलाकार आणि लेखकांना सुविधा, आधार आणि आर्थिक पाठबळ देणे, कला त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करणे, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे बदलणे, हे सरकारचे काम आहे असे ते सांगते. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येण्याजोग्या करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम क्रमांक १५ कायद्याच्या विरोधात ठरवला, कारण त्यात सक्ती नव्हती, नुसत्या शिफारशी होत्या. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा असा आदेश सरकारला दिला. त्याआधी ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने, चित्रपटात अपंगांची टिंगल आणि अपंगांच्या जगण्यातून येणारा विनोद यांतला फरक स्पष्ट करून मार्गदर्शक सूचना दिल्या.

कायदा आहे, निकाल आहे, मग अडले कोठे? येथे महाडची आठवण अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर तळे खुले होते! पण ओंजळभर पाणी घ्यायला १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तेथवर चालत जावे लागले. ठरावाने तळे खुले होत नाही, तळ्याच्या काठी पाऊल पडल्याने ते खुले होते. कलम २९ आज बोले ठरावाच्या अवस्थेत आहे.

काही वाचक म्हणतील, हा अपंगांचा प्रश्न झाला, आंबेडकरी चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रमाण अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के, अनुसूचित जमातींमध्ये २.०५ टक्के आणि इतरांमध्ये २.१८ टक्के नोंदले गेले. सर्वांत जास्त आपल्यात! यात नशिबाचा भाग नाही. गरोदरपणातले कुपोषण, वस्तीतले पाणी, वेळेवर न मिळालेला उपचार, गटारात आणि यंत्रावर होणारे अपघात, यांचा हा हिशेब आहे. आणि ही मोजणीही अपुरी. तेव्हा आठच गटांत माणसे मोजली होती, स्वमग्न मूल वेगळे मोजलेच गेले नव्हते. आता २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. जात आणि अपंगत्व यांचे तक्ते एकत्र प्रसिद्ध झाले पाहिजेत, ही मागणी चळवळीने आतापासून लावून धरली पाहिजे.

श्रीमंताच्या घरी स्वमग्न मूल असेल तर त्याला उपचारतज्ज्ञ मिळतो, संगीताचे खासगी शिक्षक मिळतात, मोठे झाल्यावर त्याच्या चित्रांचे प्रदर्शन दक्षिण मुंबईत भरते. भरू दे, आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल तसेच असेल तर शाळेत त्याला मठ्ठ म्हणतात आणि शेजारी त्याला वेडा म्हणतात. दाखल्यासाठी ती माऊली कामाचे खाडे करून रुग्णालयाच्या चकरा मारते. जातीचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला अशा दोन दाखल्यांच्या रांगेत ज्यांचे आयुष्य जाते ती माणसे आपली आहेत. त्यांत मुलगी असेल तर तिसरी रांग. संजय गांधी निराधार योजनेतले अपंगांचे मासिक अनुदान २०२५ साली १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, तो योग्यच आहे. पण अनुदानाने पोट अर्धे भरते. कलाकाराला प्रेक्षक लागतो, तो अनुदानातून मिळत नाही.

आणि चळवळीच्या कलेचा इतिहास तरी आम्ही नीट पाहिला आहे काय? भीमवंदना लिहिणारे, पुढे बौद्ध धम्म स्वीकारणारे गझलकार सुरेश भट यांचा एक पाय लहानपणी पोलिओने अधू झाला होता. 'गोलपिठा' लिहिणारे, दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक नामदेव ढसाळ यांना १९८१ पासून मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराने ग्रासले होते. त्या शरीराने ते २०१४ पर्यंत जगले, लिहीत राहिले, सभा गाजवत राहिले. या दोघांना कोणी अपंग कवी म्हणून शाल दिली नाही, ते मोठे कवी म्हणूनच वाचले गेले, हे उत्तम झाले. पण त्यांच्यासारखे शरीर घेऊन जन्मलेल्या वस्तीतल्या पोराला हे कोणी सांगितले का, की बाबा रे, तुझ्यासारखाच एक माणूस मराठी गझलेचा बादशहा झाला? लोकलच्या डब्यात पेटी वाजवत गाणारे अंध गायक आम्ही रोज ऐकतो. त्यांना आम्ही भिकारी समजतो. गळ्यात सूर आहे, हातात वाद्य आहे, तासन्‌तास उभे राहून काम चालू आहे. हेच मंचावर केले असते तर त्याला कला म्हटले असते आणि बिदागी दिली असती. चार फुटांचा मंच एवढाच काय तो फरक!

या क्षेत्रात कोणी कामच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि दृष्टिहीन कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक रंगभूमीवर आणले. चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ यांना सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. ठाण्यात किरण नाकती यांच्या अभिनय कट्ट्याने दिव्यांग कला केंद्र काढले. ठाण्यातच रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी २०१४ पासून वंचितांचा रंगमंच चालवला. झोपडपट्टीतल्या मुलांनी आपल्या जगण्यावर आपणच नाटक लिहायचे आणि आपणच करायचे, ही त्यामागची कल्पना आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या 'सितारे जमीन पर' या हिंदी चित्रपटात बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या भूमिका तशाच दहा कलाकारांनी केल्या. म्हणजे संधी दिली तर काय होते, हे सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. केंद्र सरकारच्या दिव्य कला मेळ्यासारखे उपक्रमही होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरला होता. तेथे वस्तूंची विक्री होते, त्याने चार पैसे मिळतात, ते हवेतच. पण मेळा येतो आणि जातो. वस्तीत तालमीची जागा उरत नाही, शिक्षक उरत नाही.

मग कळव्याचा महोत्सव कसा व्हावा? आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्यांत फार मोठा खर्च नाही.

पहिली गोष्ट, संयोजन समितीत निम्म्याहून अधिक माणसे स्वतः अपंग किंवा न्यूरोडायव्हर्जंट असावीत आणि जेथे गरज आहे तेथे त्यांचे पालक असावेत. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत यासाठी गोलमेज परिषदेत बाबासाहेब का झगडले, हे आठवा. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलावे, ही व्यवस्था आम्हाला मान्य नव्हती. मग ती यांना का मान्य असावी?

दुसरी गोष्ट मंचाची. उताराची वाट एका फूट उंचीला बारा फूट लांब असावी असे मोजमाप आहे. चार फुटांच्या मंचाला अठ्ठेचाळीस फुटांची वाट लागेल, ती वस्तीच्या मैदानात मावणार नाही. मग मंच दीड फुटाचा करा, अठरा फुटांत काम होईल. जमिनीवरच सादरीकरण ठेवले आणि प्रेक्षक गोलाकार बसवले तर तेवढाही खर्च नाही. आपले जलसे तरी कोठे उंच मंचावर होत होते? कंदिलाच्या उजेडात, चावडीपुढच्या मातीत ते होत होते.

तिसरी गोष्ट आवाजाची. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना मोठा आवाज आणि झगझगीत प्रकाश यांचा अक्षरशः त्रास होतो. डीजेच्या भिंतीपुढे कानावर हात दाबून रडणारे मूल लाड करून घेत नसते. महोत्सवात आवाज मर्यादित ठेवा, अचानक फटाके नकोत, मैदानाला लागून एक शांत खोली ठेवा. कार्यक्रम चालू असताना कोणी उठले, फिरले, मध्येच हसले तर त्याला दटावू नका. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन तरी हवेत, कारण एक माणूस तासभर न थांबता हे काम करू शकत नाही. त्यांच्यावर उजेड पडला पाहिजे आणि ते मंचाजवळच उभे असले पाहिजेत. दृष्टिहीनांसाठी नाटकात काय घडते आहे ते हलक्या आवाजात सांगणारा माणूस ठेवा. चाकाची खुर्ची आत जाईल असे एक तरी स्वच्छतागृह हवे. एवढ्या एका गोष्टीअभावी कितीतरी बाया कार्यक्रमाला येत नाहीत. आणि वेळ लोकलच्या गर्दीची नको, रविवारी दुपारी ठेवा.

चौथी गोष्ट मानधनाची. इतर कलाकाराला जे मिळते तेच यांना मिळाले पाहिजे, आणि निवड कलेवरच झाली पाहिजे. ज्याचे गाणे अजून कच्चे आहे त्याला शिकवा, पण कच्च्या गाण्याला दयेच्या टाळ्या देऊ नका. तोही अपमानच आहे. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने 'अनलिमिटेड' हा उपक्रम सुरू झाला तेव्हा अपंग कलाकारांना नवी कलाकृती घडवण्यासाठी आधी पैसा देण्यात आला आणि मग त्या मोठ्या रंगमंचावर आल्या. आधी काम, मग उत्सव, असा तो क्रम होता. आमच्याकडे उत्सव आधी असतो आणि काम कधीच नसते. कळव्यातही महोत्सवाच्या आधी सहा महिने वस्तीत तालमीचा वर्ग सुरू झाला पाहिजे आणि महोत्सव संपल्यावर तो चालू राहिला पाहिजे.

पैसा कोठून आणायचा? स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असे राज्य शासनाचे आदेश आहेत. ठाणे महापालिकेत २०२२ पासून प्रशासकाचे राज्य होते, जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. म्हणजे प्रश्न विचारायला आता निवडून दिलेली माणसे आहेत. कळव्याच्या वाट्याला त्या निधीतून काय आले आणि त्यातला किती पैसा कलेवर खर्च झाला, हे त्यांना लेखी विचारा. माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. महापालिकेच्या शाळा सुट्टीच्या दिवशी रिकाम्या असतात, तळमजल्याचा एक वर्ग तालमीला मिळवणे ही काही अशक्य मागणी नाही.

खासगीकरण, आरक्षण, अत्याचार असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना नाचगाण्याचे काय घेऊन बसलात, असाही आक्षेप येईल. त्याला आमचे उत्तर अमेरिकेतल्या एका घटनेने देतो. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अपंगांनी आपल्या नागरी हक्कांचे नियम लागू व्हावेत म्हणून सरकारी इमारत तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवली. आत शंभराहून अधिक माणसे होती. त्यांना रोज गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने! आंदोलकांत ब्रॅड लोमॅक्स हा चाकाच्या खुर्चीवरचा काळा पँथर स्वतः होता. वर्णाविरुद्ध लढणाऱ्यांनी आपले प्रश्न आधी सुटू द्या असे म्हटले नाही. ज्या पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या नावाचा हाही वारसा आहे. आणि नाचगाण्याला हिणवण्याचे पाप आंबेडकरी माणसाने तरी करू नये. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादांच्या गाण्याने ही चळवळ निरक्षर माणसाच्या झोपडीत पोहोचवली.

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी ठिकठिकाणी मोठमोठे मंच उभे राहतील, भाषणे होतील. कळव्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या महोत्सवासाठी हाच दिवस धरावा, अशी आमची सूचना आहे. पारसिकच्या उतारावरून ज्यांना खाली यायचे आहे त्यांची यादी आतापासून घरोघर जाऊन करा. त्यांना आणायला माणसे नेमा, रिक्षा ठरवा. आणि त्या दिवशी मंच दीड फुटाचाच बांधा. जो गायक आम्हाला मंच जरा खाली बांधता येईल का असे विचारत होता, त्याने त्या उतारावरून आपली खुर्ची आपल्या हाताने वर न्यावी, ठरलेली सगळी गाणी म्हणावीत, आपली बिदागी मोजून घ्यावी आणि आपल्याच हाताने खुर्ची वळवून खाली यावे. त्याला कोणी उचलू नये.

जयभीम!